मचाणावरची वैशाखी पौर्णिमा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांला शाळेच्या इतिहासावर लिहावयास सांगितले होते. इतिहासाच्या शिक्षकाकडून ती अपेक्षा रास्तच आहे. परंतु शाळेची स्थापना, देणगीदार, पहिली तुकडी यांविषयी या अंकात इतरांनी अधिक अधिकाराने लिहिलेले आहे. म्हणून दरवर्षी वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास आपल्या आवारात जो विषय हमखास निघतो, जो पालक भीतीने काढतात आणि माजी विद्यार्थी कुतूहलाने काढतात, त्याविषयी लिहावे असे ठरविले. तो विषय म्हणजे आपल्या डोंगरातली अस्वले, बिबटे आणि त्यांना पाहण्याची रीत. येथे 'आम्ही' म्हणजे ज्यांनी गेली पुष्कळ वर्षे पौर्णिमेची रात्र मचाणावर काढली असे शाळेतले तिघे-चौघे शिक्षक. लेखणी एकाची असली तरी पाहणे सर्वांचे आहे.

आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात, हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हे भाग पाडणारी अजिंठ्याची डोंगररांग आपण एस.टी.च्या खिडकीतून इतक्या वेळा ओलांडतो की तिच्याकडे पाहणे राहूनच जाते. बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या घाटाने निघालो की दोन्ही अंगांना जे साग, सालई, अंजन, धावड्याचे रान लागते, ते ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली ते घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. ज्या नदीवरून त्याचे नाव पडले ती पुढे पूर्णेला मिळते. रोही, भेकर, रानडुक्कर, तडस, बिबट आणि अस्वल ही येथली मुख्य वस्ती. अस्वलासाठी तर हे रान प्रसिद्धच आहे.

हीच रांग पश्चिमेकडे जाऊन अजिंठ्याची लेणी पोटात घेते. लेण्यांचा 'शोध' कसा लागला हे आम्ही नववीच्या वर्गात सांगतो तेव्हा मुले प्रथम हसतात. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातील घोडदळाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला त्या दरीत उतरला आणि त्याला झाडोऱ्यातून लेण्याची कमान दिसली. स्थानिकांना ती जागा ठाऊक होतीच. इतिहासात मात्र नोंद बंदूकवाल्याची झाली. दहाव्या लेण्यात शिरून त्याने एका खांबावरील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याच लेण्याच्या भिंतीवर षड्दन्त जातक चितारलेले आहे : सहा सुळ्यांच्या हत्तीची कथा, जो विषारी बाण मारणाऱ्या शिकाऱ्याला ओळखतो आणि तरीही त्याला स्वतःचे सुळे घेऊ देतो. शिकाऱ्याने आपले नाव नेमके त्या भिंतीच्या सोबतीला लिहावे, हा योगायोग आम्हांला आजही अस्वस्थ करतो.

मचाणाचे नातेही त्याच शिकारीच्या काळाशी आहे. आमच्या एका सहकाऱ्याचे आजोबा सांगत, की साहेबाची किंवा मालगुजाराची स्वारी आली की महारवाड्यातली, भिल्लांच्या वस्तीतली माणसे हाका घालायला नेली जात. हातात डबे, ढोल, काठ्या. रान उठवायचे, ओरडत पुढे सरकायचे आणि जनावर मचाणाखालून जाईल असे वळवायचे. मचाणावर बंदूक, खाली वेठीची माणसे. जनावर जखमी होऊन उलटले तर ते मचाणावर चढत नसे. वाघ, बिबट, अस्वल, लांडगा मारणाऱ्यास इंग्रज सरकार बक्षीस देई, त्याचे आकडे सरकारी अहवालांत वर्षवार छापलेले आढळतात. हाका घालताना फाटलेल्या माणसांची नावे मात्र त्या तक्त्यांत शोधूनही सापडत नाहीत. त्यांची नातवंडे आज मचाणावर वही-पेन्सिल घेऊन बसतात, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

आमच्या पिढीने अस्वल प्रथम पाहिले ते रानात नव्हे, गावच्या वेशीत. नाकात वेसण घातलेले, दात पाडलेले, डमरूच्या तालावर मागच्या दोन पायांवर उभे राहणारे. दरवेशी पोरांना त्याच्या पाठीवर बसवी आणि भीती जावी म्हणून केसाचा ताईत देई. १९५६ नंतर आमच्या घरांतून ताईत-गंडे गेले, पण आई एवढे म्हणे की 'बसू द्या लेकराला, ताईत नको, नुसतं बसू द्या.' त्या खेळाने एक नुकसान मोठे केले. अस्वल म्हणजे गमतीचा प्राणी अशी समजूत मनात रुजली. दुसरीकडून गावगप्पांनी त्याला राक्षस केले : ते माणसाला गुदगुल्या करून मारते, बायकांना उचलून गुहेत नेते. वेसणीतले अस्वल आणि गुहेतले अस्वल या दोहोंच्या मध्ये खरे अस्वल कधी दिसलेच नाही.

खरे अस्वल असे आहे. त्याची दृष्टी मंद, कानही बेताचे, नाक मात्र विलक्षण तीक्ष्ण. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात निसर्गतःच नसतात, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुंकून-ओढून खाते; तो आवाज शांत रात्री शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. मोहाची फुले, टेंभुर्णे, बोरे, जांभळे, उंबर, मध हा त्याचा आहार. माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. मग ते हल्ला का करते? तर खाण्यात गुंग असताना, डोके वारुळात असताना, वारा उलट असताना माणूस अगदी दहा-वीस पावलांवर येऊन ठेपतो तेव्हा ते दचकते. आणि दचकलेले अस्वल पळून जाण्याऐवजी अनेकदा अंगावर येते. पिल्ले सोबत असली तर हमखास. हिवाळ्यात गुहेत जन्मलेली पिल्ले पुढे कितीतरी महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात, म्हणजे नेमकी मोह वेचण्याच्या आणि तेंदूपत्ता तोडण्याच्या दिवसांत.

दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. एक मित्र झाडावर चढतो आणि वाचतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचे सोंग घेतो. ही गोष्ट मैत्रीचा धडा म्हणून चांगली आहे, रानाचा धडा म्हणून धोक्याची आहे. आपले अस्वल उत्तम झाडावर चढते, पोळ्यासाठी तर रोजच चढते. धावण्यातही माणूस त्याला हरवू शकत नाही. श्वास रोखल्याने, ज्याचे सारे ज्ञान नाकात आहे त्या प्राण्याला फसविता येत नाही. गोष्टीतला खाली पडलेला मित्र मात्र निम्मा बरोबर होता. हल्ला झालाच तर पालथे पडावे, तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफलेली, कोपरांनी चेहरा झाकलेला. अस्वल चेहरा आणि डोके फाडते. ते वाचले तर माणूस बहुधा वाचतो. हे आम्ही पाचवीच्या मुलांकडून मैदानावर करून घेतो. पाहुण्यांना तो खेळ वाटतो. आम्ही त्यांचे हसणे दुरुस्त करीत बसत नाही.

हे शिकविण्याची गरज आम्हांला पुस्तकांतून कळली नाही. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाच्या आईवर तेंदूपत्त्याच्या हंगामात अस्वलाने हल्ला केला. नाव-गाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. पहाटे चारला घरून निघालेली बाई, पुडके बांधता बांधता वाकलेली, आणि करवंदीच्या जाळीपलीकडे ते. एक गाल, एक डोळा आणि टाळूचा भाग गेला. अकोल्याच्या दवाखान्यात ती दीर्घकाळ होती. भूमिहीन घर. पत्ता तोडला नाही तर पावसाळा उपाशी. मुलगा शाळेत परत आला तेव्हा बोलेनासा झाला होता. चित्रकलेच्या वहीत त्याने एकच चित्र काढले आणि ते काळ्या पेन्सिलीने इतके घोटले की कागद फाटला.

त्या वर्षी आम्ही वन्यजीव सप्ताहाचा कार्यक्रम करावा की नाही यावर शिक्षकांच्या बैठकीत वाद झाला. एकाने स्पष्ट म्हटले, की ज्यांच्या आईबापांना अस्वल फाडते त्यांच्यापुढे अस्वलाचे गोडवे गाणे हा शहरी शौक आहे. त्याचे म्हणणे आम्हांला टाळता आले नाही, आजही येत नाही. जंगल पाहायला येणारा जिप्सीत बसून येतो, जंगलातून पोट भरणारा पायी जातो. धोका दोघांत वाटला गेलेला नाही. अभयारण्याच्या फलकांवरच्या बहुतेक सूचना पहिल्यासाठी लिहिलेल्या असतात. तेंदूपत्त्याच्या फडावर कोणी फलक लावीत नाही.

शेवटी त्या ताईंनाच आम्ही शाळेत बोलाविले. येतील असे वाटले नव्हते. पदर चेहऱ्यावरून ओढून त्या मुलांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ते काही माह्या अंगावर आलं नाई लेकरहो, मीच त्याच्या अंगावर गेली. वाकेल होती, पायलंच नाई." नंतर त्यांनी सांगितले ते आजवर आमच्या कोणत्याही वनाधिकारी पाहुण्याच्या भाषणापेक्षा उपयोगी ठरले. एकटे जाऊ नये. उजाडल्याशिवाय जाळीत शिरू नये. बोलत जावे, खोकत जावे, विळ्याने खोडावर टकटक करीत जावे, म्हणजे त्याला आधीच कळते आणि ते आपणहून बाजूला होते. ताजी उकरलेली माती, फोडलेले वारूळ, टेंभुर्ण्याच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर त्या अंगाला जाऊ नये. दुपारी नाल्याच्या कपारीत, दगडांच्या सावलीत विसाव्याला बसू नये. ती त्याची झोपायची जागा. आणि दिसलेच तर पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरावे. कोणीतरी विचारले, "मावशी, तुम्हाला राग नाही येत का त्याचा?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "राग येते ना बाप्पा. पण राग घेऊन मले त्याच रानात जा लागते."

नुकसानभरपाईचे येथे सांगून ठेवतो, कारण पालकांपैकी अनेकांना माहीत नसते. वन्यप्राण्याने माणूस जखमी केल्यास, मारल्यास, जनावर किंवा पीक नेल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. मात्र वनखात्याला ताबडतोब कळविणे, पंचनामा आणि वैद्यकीय कागद हे सारे वेळेत झाले पाहिजे. वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक पाठ करून ठेवावा. त्या ताईंचे कागद पूर्ण करण्यात शाळेतील दोन शिक्षकांची उन्हाळी सुटी गेली. एका कार्यालयात तर 'हल्ला अस्वलानेच केला कशावरून' असे विचारण्यात आले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ज्याला कळत नव्हते, त्याला कागदाने कळले.

'प्राण्यांपासून सुरक्षित अंतर ठेवा' अशी पाटी घाटात आहे. 'अंतर' या शब्दाशी आपल्या समाजाचा संबंध साधा नाही. आमच्या आजोबांना विहिरीपासून, देवळाच्या पायरीपासून, सावलीपासून अंतर ठेवायला लावले जाई, आणि तेही सुरक्षेसाठीच, पण कोणाच्या? म्हणून एका माजी विद्यार्थ्याने ती पाटी वाचून 'पुन्हा अंतर?' असे म्हटले तेव्हा आम्ही हसलो नाही. त्या अंतरात एकाची मान खाली जात होती. रानातल्या अंतरात तसे कोणी उच्च-नीच ठरत नाही. अस्वलाला आपली जात विचारायची नसते, त्याला फक्त वाट मोकळी हवी असते.

मुले प्रश्न अचूक विचारतात. राजगृहात देवदत्ताने नालागिरी हत्ती मद्य पाजून सोडला आणि भगवंतांनी मैत्रीने त्याला शांत केले, ही कथा सांगून झाल्यावर सहावीतल्या मुलीने विचारले, "मग सर, अस्वल आलं तर मैत्री करायची का?" वर्ग हसला, आम्ही नाही. तिला सांगितले, की बुद्ध हत्ती पाहायला गेले नव्हते, हत्ती त्यांच्यावर सोडला होता. शिवाय विनयात एक नियम आहे. वर्षावासात भिक्षूंनी स्थान सोडू नये, कारण पावसाळ्यात चालण्याने कोवळे गवत आणि बारीक जीव तुडविले जातात. पण हिंस्र श्वापदांचा उपद्रव झाला तर स्थान सोडण्यास मुभा आहे, त्यात दोष नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी रानात राहणाऱ्यांनी केलेला हा हिशेब आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे : करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत. त्यांनी मैत्रीचा अर्थ जवळ जाणे असा कोठेही सांगितलेला नाही.

बिबट्याची गोष्ट निराळी. तो अस्वलासारखा दचकत नाही, तो आधीच आपल्याला पाहून गेलेला असतो. शाळेच्या मागच्या टेकाडावर त्याचे ठसे दोनदा दिसले आहेत. तेव्हापासून भोजनगृहाचे उष्टे-खरकटे उघड्यावर टाकणे बंद केले, कारण त्यावर कुत्री आणि डुकरे जमतात आणि त्यांच्या मागे बिबट येतो. कुंपणालगतचे गवत कापून ठेवतो. रात्री लहान मुले दोघे-तिघे मिळून, दिवा घेऊन बाहेर जातात. खरा धोका बिबट्यापेक्षा गर्दीचा. कोणाच्या शेतात किंवा विहिरीत बिबट दिसला की पाचशे माणसे मोबाईल घेऊन जमतात, चारी बाजूंनी वेढतात, आणि त्याला जायला वाट उरत नाही. मग तो ज्याच्या अंगावर येतो तो बहुधा सर्वांत पुढे असलेला पोरगा असतो. आपल्या विद्यार्थ्यांना आमची सक्त ताकीद आहे : गर्दी दिसली की उलट दिशेला. घाटात गाडीपुढे प्राणी आला तर गाडी थांबवावी, दिवे मंद करावेत, खाली उतरू नये.

वाघाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो आमच्याकडे पाहुणा म्हणून आला होता. टिपेश्वरच्या रानात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओ कॉलर असलेला टी१सी१ हा तरुण वाघ जून २०१९ मध्ये तेथून निघाला. विदर्भ, तेलंगणाचा काठ, मराठवाडा असा नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालून तो ज्ञानगंगेत स्थिरावला. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली. एवढ्या वाटेत कापसाची शेते, महामार्ग, गावठाणे, सारे आले. तो दिवसा लपे आणि रात्री चाले. माणसाशी त्याचा संघर्ष झाला तो एकदाच : तो झुडपात विसावलेला असताना काही माणसे तेथे शिरली आणि एक जण जखमी झाला. तीन हजार किलोमीटर आणि एक जखमी. हा आकडा आम्ही फळ्यावर लिहितो आणि वर्गाला विचारतो, की ज्या झुडपात वाघ शिरला आहे असे ऐकले त्यात माणसे का शिरली असतील?

आता पौर्णिमेविषयी. सकाळी शाळेत धम्मध्वजारोहण, त्रिशरण-पंचशील, खीर. सुटी असूनही माजी विद्यार्थी लेकराबाळांसह येतात. दुपारी जेवण आटोपून ज्यांनी वनखात्याकडे आधी नाव नोंदविले आहे ते अभयारण्याकडे निघतात. वैशाखात बहुतेक पाणी आटलेले असते, उरलेल्या पाणवठ्यांवर प्राणी येतातच आणि चंद्रप्रकाशात दिसतात, म्हणून ही रात्र निवडलेली. ही शास्त्रीय गणना नव्हे. वाघांची मोजदाद आता कॅमेऱ्यांनी होते. वनखातेही याला निसर्गानुभवच म्हणते. शाळकरी मुलांना आम्ही नेत नाही, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

ऊन असतानाच मचाणावर चढावे लागते आणि सकाळी वनरक्षक आल्याशिवाय उतरता येत नाही. मळकट कपडे. अत्तर, तेल, पावडर नाही. बिडी-तंबाखू नाही. वासाची भाजी नाही, दशम्या आणि गूळ पुरे. विजेरी पेटवायची नाही, फोन बंद. कुजबुजही नाही. सर्वांत अवघड काय, तर खोकला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आज पुण्यात संगणक अभियंता आहे, सांगितले की बारा तास कोणाशीही न बोलता तो आयुष्यात प्रथमच बसला.

एका वर्षीचे सांगतो. रोह्यांचा कळप संध्याकाळीच पाणी पिऊन गेला होता. मोर झाडावर चढले. चंद्र अंजनाच्या शेंड्यावर आला तोवर दोन भेकरे आणि एक साळिंदर एवढीच नोंद. मग पलीकडच्या उतारावरून फुंकण्याचा, ओढण्याचा तो आवाज. कितीतरी वेळ नुसता आवाज. नंतर काळोखाचा एक तुकडा हालला आणि पाण्याशी आला. पाठीवर उंचवटे दिसत होते. आई पाणी पिण्यास वाकली तेव्हा ते उंचवटे घसरून खाली आले आणि त्यांची दोन पिल्ले झाली. एकाने पाण्यात पंजा आपटला. दुसरे आईच्या मागे दडले. आमच्या शेजारी बसलेला तरुण माजी विद्यार्थी श्वास धरून पाहत होता. तो कोण, हे वर आलेलेच आहे. त्याने त्या रात्री यावे असे आम्ही कधी सुचविले नव्हते. नाव त्याने स्वतः नोंदविले होते.

वारा बदलला. अस्विणीने मान वर करून हवा हुंगली, पिल्ले धडपडत पाठीवर चढली आणि ती उताराला लागली. तक्त्यात नोंद त्याने केली : वेळ ११.४०, अस्वल मादी १, पिल्ले २. पेन्सिलीचा दाब हलका होता. पुढचा रकाना 'शेरा' असा होता. तो त्याने कोराच ठेवला, आणि सकाळी सात वाजता वनरक्षक टाळ्या वाजवीत येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.